केस रिपोर्ट लिहायचाय? आधी ती स्लाइड पुन्हा लावा

एका जिल्ह्याच्या ठिकाणी पॅथॉलॉजीत एमडी करणाऱ्या, दुसऱ्या वर्षाच्या डॉक्टरांचा प्रश्न आहे. ३८ वर्षांच्या एका बाईंच्या स्तनात टणक गाठ होती, वरची त्वचा थोडी आत ओढलेली. मॅमोग्राफीत बायरॅड्स ५, म्हणजे कॅन्सरची दाट शक्यता. एफएनएसीत, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीत, ‘कॅन्सरचा संशय’ असा रिपोर्ट. सर्जननी मॅस्टेक्टॉमीची, म्हणजे स्तन काढण्याची तारीखसुद्धा ठरवली होती. ट्रू-कट बायोप्सी केली, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढला, तर निघाला ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, म्हणजे साधी गाठ. स्तन वाचला, फक्त गाठ काढली. आता यावर केस रिपोर्ट, म्हणजे एका रुग्णाच्या आजारावरचा लेख, लिहायचाय. तो कसा लिहावा, कुठे पाठवावा, आणि ‘सात दिवसांत छापून देतो’ असा मेल पाठवणाऱ्या मासिकाला पैसे भरावेत का, असं त्यांनी विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: भरू नका. का, ते पुढे येईलच.

आता मूळ मुद्दा. ‘दुर्मीळ आहे म्हणून छापायचं’ असं तुमच्या मनात असेल तर थोडं थांबा. स्तनातल्या ग्रॅन्युलर सेल ट्यूमरवर आजवर भरपूर लिहून झालंय. ‘दुर्मीळ गाठीची एक केस’ एवढंच शीर्षक घेऊन गेलात तर संपादक पहिल्याच टप्प्यावर परत पाठवतील, आणि ते बरोबरच असेल. पण तुमच्या केसमध्ये दुर्मीळपणापेक्षा मोलाची एक गोष्ट आहे. एफएनएसी चुकली होती. ती का चुकली, स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या पेशींत) काय दिसत होतं, ते कशासारखं वाटलं आणि नेमकं काय बघितलं असतं तर शंका आली असती, हे तुमच्याकडे आहे. उद्या दुसऱ्या एखाद्या गावात एखादी पॅथॉलॉजिस्ट एकटी बसून तसाच स्मिअर बघत असेल. तुम्ही लिहिताय ते तिच्यासाठी. हे डोळ्यांसमोर ठेवलं की काय लिहायचं आणि काय गाळायचं हे आपोआप ठरत जातं.

मी गेली पंचवीस-एक वर्षं हेच काम करतोय; स्वतःचे लेख लिहिले, विद्यार्थ्यांचे तपासले, मासिकांसाठी परीक्षक म्हणून शेकडो वाचले. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. आपल्या शास्त्रात अर्थ बदलत जातो, वर्णन टिकतं. तुमच्याच ट्यूमरचं बघा. १९२६ मध्ये अब्रिकोसोव्ह यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा त्यांना वाटलं की या पेशी स्नायूच्या आहेत, म्हणून नाव पडलं मायोब्लास्टोमा. पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला, मग अँटिबॉडीने पेशीतली प्रथिनं रंगवून ओळखणारी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री आली, एस-१०० हे प्रथिन पॉझिटिव्ह निघालं आणि या पेशी मज्जातंतूंभोवती आवरण घालणाऱ्या ‘श्वान’ पेशींशी नातं सांगणाऱ्या आहेत असं मानलं जाऊ लागलं. २०१८ मध्ये एटीपी६एपी१ आणि एटीपी६एपी२ या जनुकांमधले बदल सापडले. पेशीतल्या पिशव्यांमध्ये आम्ल तयार करणाऱ्या पंपाशी ही जनुकं संबंधित आहेत. पंप बिघडला की लायसोसोम, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्या, साचत जातात. ते दाणे कशाचे, हे तेव्हा उलगडलं. म्हणजे अब्रिकोसोव्ह यांनी लावलेला अर्थ चुकला. पण भरपूर सायटोप्लाझम, त्यात गुलाबी दाणे, मधोमध लहानसं न्यूक्लियस, हे वर्णन आज शंभर वर्षांनंतरही आपण स्लाइडवर पडताळून बघू शकतो.

आपल्या मुंबईतलं उदाहरण तर प्रत्येक पॅथॉलॉजी विभागात सांगितलं जायला हवं. १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख आला. शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. वाय. एम. भेंडे, त्यांच्यासोबत देशपांडे आणि भाटिया, आणि लंडनकडून रेस, सँगर, मॉर्गन, वॉटकिन्स. लेखात व्यक्ती होत्या फक्त तीन. त्यांच्या लाल पेशी ‘ओ’ गटासारख्या वागत होत्या, पण त्यांचं सीरम ‘ओ’ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होतं. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ म्हणून निसटलं असतं आणि त्या माणसाला ‘ओ’ रक्त चढवलं असतं तर जीव जाऊ शकला असता. हाच तो बॉम्बे ब्लड ग्रुप. त्यामागचे एफयूटी१ जनुकातले नेमके बदल समजायला १९९४ उजाडलं. बेचाळीस वर्षं आधी छापलेलं ते निरीक्षण मात्र जगभरच्या रक्तपेढ्या तेव्हापासूनच वापरत होत्या. तीन माणसांवरचा लेख.

त्याच वर्षी श्वार्त्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातल्या एका विकाराची नोंद मांडली. अस्तर पांढरं पडलेलं, कडक झालेलं, तोंड उघडेना. कारण ठाऊक नव्हतं, म्हणून नावातच ‘इडिओपॅथिक’ असा शब्द होता. पुढच्या वर्षी जोशींनी ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव वापरलं. आज सुपारी हे त्याचं कारण म्हणून आपण जाणतो, आणि गुटखाबंदी असलेल्या आपल्या राज्यात विशी-पंचविशीतली मुलं दोन बोटंसुद्धा तोंडात जात नाहीत अशी तक्रार घेऊन ओपीडीत येतात. श्वार्त्झ यांना कारण सापडलं नव्हतं. त्यांनी ते सापडल्याचा आव आणला नाही, दिसलं तेवढं मांडलं.

तर तुमचं पहिलं काम कागदावर नाही, मायक्रोस्कोपवर आहे. स्लाइड पुन्हा लावा. निदान तुमच्या मॅडमनी साइन केलेलं असलं तरी छापण्यासाठी निदान सिद्ध करावं लागतं, आणि सिद्ध करणं म्हणजे दुसऱ्या शक्यता एकेक करून बाद करणं. तुमच्या केसमध्ये त्या शक्यता कोणत्या? अपोक्राइन कार्सिनोमा, हिस्टिओसाइटचा (कचरा गिळणाऱ्या पेशींचा) प्रतिसाद, म्हणजे जुना फॅट नेक्रोसिस किंवा ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, आणि क्वचित मूत्रपिंडाच्या कॅन्सरचा स्तनात आलेला फैलाव. सायटोकेरॅटिन हा कार्सिनोमाचा मार्कर निगेटिव्ह आला की कार्सिनोमा मागे पडतो. एस-१०० आणि सॉक्स१० हे श्वान पेशींकडचे मार्कर पॉझिटिव्ह आले की हिस्टिओसाइट बाजूला होतात. हिस्टिओसाइट ओळखायला वापरलं जाणारं सीडी६८ मात्र फसवतं. ते लायसोसोमला पकडतं, त्यामुळे या ट्यूमरमध्येही पॉझिटिव्ह येतं, आणि एकट्या सीडी६८ वर भरवसा ठेवला तर ‘हिस्टिओसाइटिक लीजन’ असा चुकीचा रिपोर्ट जातो. पीएएस हा साधा स्टेन डायस्टेज एन्झाइम लावल्यानंतरही पॉझिटिव्ह राहतो, आणि हे तर कोणत्याही छोट्या लॅबमध्ये करता येतं. नेमकं हेच वाक्य तुमच्या लेखात हवं, कारण एस-१०० सगळीकडे मिळत नाही, पीएएस मिळतं.

तो साधा आहे की घातक, हेही तुम्हालाच दाखवावं लागेल. १९९८ मध्ये फॅनबर्ग-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी सहा निकष दिले: नेक्रोसिस (मेलेल्या पेशींचा भाग), लांबट झालेल्या पेशी, मोठ्या न्यूक्लिओलससह फुगलेली न्यूक्लिआय, २०० पट मोठं करून बघताना दहा क्षेत्रांत दोनपेक्षा जास्त मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी), सायटोप्लाझमच्या मानाने मोठं न्यूक्लियस, आणि प्लिओमॉर्फिझम (पेशींचे आकार एकमेकांपासून फार वेगळे असणं). तीन किंवा जास्त असतील तर घातक, एक-दोन असतील तर अटिपिकल. तुमच्या स्लाइडवर प्रत्येक निकष होता की नव्हता, हे लिहा. ‘नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी’ या एका ओळीने परीक्षकाचं समाधान होणार नाही. या गाठीची कड आसपासच्या चरबीत घुसलेली दिसते, तरी ती साधीच असते, हेही आवर्जून लिहा. तीच कड बघून रेडिओलॉजिस्टनी बायरॅड्स ५ दिलेला असतो.

मग एफएनएसीचे स्मिअर काढा. रेकॉर्डमध्ये असतील तर खुद्द ज्यांनी ते रिपोर्ट केले त्यांच्यासोबत बसून बघा. हे नाजूक काम आहे. चूक दाखवायला आलोय असा भाव नको. त्यांना लेखात सहलेखक म्हणून घ्या, कारण त्या स्मिअरबद्दल त्यांच्याइतकं प्रामाणिकपणे कोण सांगणार? या पेशी नाजूक असतात, फुटतात, दाणे पार्श्वभूमीवर पसरतात, नुसती न्यूक्लिआय उरतात. ते बघून माणूस घाबरतो, आणि त्यात क्लिनिकल कागदावर ‘हार्ड फिक्स्ड लंप’ (कडक, न हलणारी गाठ) लिहिलेलं असतं. माझ्या मते तुमच्या लेखाचा सगळ्यात चांगला परिच्छेद इथे आहे. चर्चेच्या भागात ट्यूमरचा इतिहास दीड पान लिहिण्यापेक्षा यावर अर्धं पान लिहा.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पॅथॉलॉजीचा लेख फोटोंवर उभा असतो आणि आपल्याकडे सर्वांत जास्त हयगय तिथेच होते. आयपीसला मोबाइल टेकवून काढलेला, कडेला काळं वर्तुळ असलेला पिवळसर फोटो परीक्षकाला पहिल्याच क्षणी नाराज करतो. मोबाइल वापरायला हरकत नाही, पण अडॅप्टर लावा, कंडेन्सर जागेवर आणा, प्रकाश पुरेसा ठेवा, आणि स्लाइडवरच्या रिकाम्या जागेवर व्हाइट बॅलन्स साधा. पांढरं पांढरंच दिसलं पाहिजे. जुन्या, फिकट झालेल्या स्लाइडचा फोटो काढू नका. टिशूच्या मेणाच्या ब्लॉकमधून नवा सेक्शन (पातळ काप) कापून घ्या. टेक्निशियनला सांगा की हा छापायचा आहे. बहुतेक जण तेव्हा मन लावून सेक्शन काढतात, आणि आभाराच्या ओळीत त्यांचं नाव घालायला विसरू नका.

पहिला फोटो कमी मोठा करून घ्या, ज्यात गाठीची कड आणि शेजारची स्तनाची नॉर्मल नलिका दोन्ही दिसतील. दुसरा जवळून, दाणे दिसतील असा. सायटोकेरॅटिनचा फोटो घेताना चौकटीत नॉर्मल नलिका नक्की पकडा. नलिका तपकिरी रंगलेली आणि शेजारचा ट्यूमर कोरा, असं एकाच चित्रात दिसलं की स्टेन नीट चाललाय आणि निगेटिव्ह खरा निगेटिव्ह आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘४०० पट’ असं लिहिण्याची आपल्याला सवय आहे, म्हणजे चाळीसचा ऑब्जेक्टिव्ह आणि दहाचा आयपीस. पण फोटो पडद्यावर लहान-मोठा झाला की त्या आकड्याला अर्थ राहत नाही. स्केल बार टाका. मूळ फाइल हात न लावता वेगळी जपून ठेवा. उजेड सबंध चित्रावर सारखा कमी-जास्त केला तर चालतं. चित्राचा एकच भाग उजळवणं किंवा एखादा ठिपका पुसणं हा गैरप्रकार आहे. ग्रॉस फोटोत, म्हणजे काढलेल्या गाठीच्या नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या फोटोत, रक्त टिपून घ्या, खाली एकरंगी कापड, शेजारी पट्टी, आणि बायोप्सी नंबरची चिठ्ठी चौकटीबाहेर.

त्या चिठ्ठीवरून संमतीकडे येतो. बाईंची लेखी संमती घ्या, आणि मराठीत घ्या. ऑपरेशनच्या संमतीपत्रातली ‘शैक्षणिक कामासाठी माहिती वापरता येईल’ ही छापील ओळ इथे पुरत नाही. त्यांना समोर बसवून सांगा: तुमच्या आजाराची हकीकत आम्ही डॉक्टरांच्या मासिकात लिहिणार आहोत, नाव-गाव लिहिणार नाही, तरी हे इंटरनेटवर कोणालाही वाचता येईल आणि तुम्हाला ओळखणाऱ्या माणसाने वाचलं तर त्याला अंदाज येऊ शकेल. छापायच्या आधी तुम्ही कधीही नाही म्हणू शकता. छापून झाल्यावर परत घेता येत नाही. नाही म्हणालात तरी उपचारांत काही फरक पडणार नाही. लिहिता-वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, दवाखान्याशी संबंध नसलेला साक्षीदार ठेवा, अंगठा घ्या, एक प्रत त्यांच्याकडे द्या. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं विभागात असतातच. संमतीवरचं प्रकरण एकदा स्वतः वाचा.

ओळख पुसणं हे नाव खोडण्यापुरतं नसतं. डोळ्यांवर काळी पट्टी लावून ओळख लपत नाही, असं मासिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने स्पष्ट म्हटलंय. छोट्या गावात ‘अमुक तालुक्यातली ३८ वर्षांची अंगणवाडी सेविका’ म्हटलं की सगळं कळलं. तालुका गाळा, व्यवसायाचा आजाराशी संबंध नसेल तर तोही गाळा. आणि बाईंच्या स्तनाचा क्लिनिकल फोटो तुमच्या लेखाला लागतच नाही. त्वचा आत ओढलेली होती, हे शब्दांत सांगता येतं.

एक आठवण सांगतो, ती मला अजून बोचते. सुरुवातीच्या काळात मी एका रुग्णाचा केस रिपोर्ट लिहिला. लेखात ‘सहा महिन्यांनंतर रुग्ण आजारमुक्त’ असं होतं. तो सहा महिन्यांचा आकडा मी वॉर्डातल्या केसपेपरवरून घेतला होता. लेख छापून आल्यावर मला योगायोगाने कळलं की त्याआधीच तो माणूस दुसऱ्या दवाखान्यात आजार उलटून दाखल झालेला होता. मी एक फोन केला असता तर लेखाचा निष्कर्षच बदलला असता. तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांचा कोणताही मसुदा मी वाचायला घेण्याआधी विचारतो: पेशंटशी शेवटचं कोण बोललं, कधी?

लिहिण्याबद्दल. केस रिपोर्टसाठी केअर नावाची मार्गदर्शक सूची २०१३ मध्ये आली, त्यात तेरा मुद्दे आहेत. ती समोर ठेवून लिहिलं की तारखांचा क्रम, उपचार, फॉलो-अप, संमती यांतलं काही सुटत नाही. पण सूचीतले रकाने भरले म्हणजे लेख झाला असं नाही. मी विद्यार्थ्यांना एक उपाय सांगतो, तो नेहमी लागू पडतो. इंग्रजीत एक ओळही टंकायच्या आधी ही केस शेजारच्या विभागातल्या मित्राला मराठीत तोंडी सांगा. बाई कशासाठी आल्या, आम्हाला काय वाटलं, काय खटकलं, मग काय केलं, काय निघालं. सांगताना जिथे तुमचा आवाज चढतो, तो तुमचा मुद्दा. जिथे मित्राचं लक्ष उडतं, तो भाग गाळा. मग इंग्रजी लिहा, लहान वाक्यांत. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, छातीचा एक्स-रे असे सगळे नॉर्मल रिपोर्ट ओतायची गरज नाही. उलट निदानाला छेद देणारी एखादी गोष्ट असेल, समजा एखादा मार्कर अपेक्षेप्रमाणे आला नाही, तर ती लपवू नका. तीच पुढच्याच्या कामाची.

‘साहित्यातली ही पहिलीच केस’ असा दावा मोहात पाडतो. तो टाळा. करायचाच असेल तर कुठे, कोणते शब्द घालून, कोणत्या तारखेपर्यंत शोधलं हे लिहा, आणि जुन्या नावांनीही शोधा. ‘ग्रॅन्युलर सेल मायोब्लास्टोमा’ या नावाखाली अनेक लेख पडून आहेत. एआयकडून संदर्भ मागू नका. अस्तित्वात नसलेले लेख ते अतिशय खात्रीने देतं. भाषा सुधारायला वापरलं तर लेखात तसं नमूद करा, आणि रुग्णाची माहिती त्यात कधीही टाकू नका. लेखक म्हणून त्याचं नाव घालता येत नाही, हे २०२३ पासून संपादक समितीच्या नियमांत आहे.

माणसांच्या नावांचं काय? त्याच समितीचे लेखकपदाचे चार निकष आहेत: कामात खरा वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मुद्द्याच्या सुधारणा करणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि छापलेल्या सगळ्याची जबाबदारी. चारही हवेत. विभागप्रमुखांचं नाव ‘रीत म्हणून’ घालायचा आग्रह होतो, आणि रेसिडेंटने तिथे काय करावं हे सांगणं मला सोपं वाटत नाही, कारण सही त्यांचीच लागते. एक मार्ग अनेकदा चालतो. मसुदा त्यांच्याकडे लवकर द्या आणि एक ठोस प्रश्न विचारा: ‘सर, चर्चेतला हा परिच्छेद पटतो का?’ बहुतेक सर त्यावर खरंच काम करतात, आणि मग त्यांचं नाव न्यायाने येतं. ज्या सर्जननी मॅस्टेक्टॉमी थांबवली त्यांना मात्र पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. ट्रू-कट करायचा आग्रह कोणी धरला, तारीख कशी पुढे ढकलली, हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

आता त्या सात दिवसांच्या मेलकडे. ‘आदरणीय ख्यातनाम प्राध्यापक’ असं रेसिडेंटला संबोधणारा मेल आला की समजून घ्या. परीक्षकाला पॅथॉलॉजीचा लेख नीट वाचायलाच आठवडे लागतात. सात दिवसांत छापणारे वाचत नाहीत. त्यांच्या संकेतस्थळावर आयएसएसएन क्रमांक मोठ्या अक्षरात असतो. तो नुसता नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे. भलत्याच नावाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ असतो. अशा मासिकांची अमेरिकेतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी ठेवलेली यादी जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता पडताळणी आपणच करायची. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये मासिकाचं नाव टाका आणि ‘सध्या मेडलाइनमध्ये’ (त्या लायब्ररीच्या निवडक मासिकांच्या सूचीत) असं लिहिलंय का बघा. पबमेडमध्ये एखादा लेख दिसला म्हणजे मासिक मेडलाइनमध्ये आहे, असं होत नाही. खुल्या (फुकट वाचता येणाऱ्या) मासिकांसाठी डीओएजे ही सूची बघा. संपादक मंडळातल्या एखाद्या ओळखीच्या प्राध्यापकांना फोन करून विचारा. आपलं नाव तिथे आहे हे कित्येकांना माहीतच नसतं. आमच्या एका विद्यार्थिनीने अशाच एका मासिकाला पैसे भरले होते. दोन वर्षांत संकेतस्थळ गायब झालं, लेखही गेला. एकदा छापलेली केस दुसरीकडे पाठवता येत नाही, म्हणून ती चांगली केस कायमची वाया गेली. त्या रुग्णाने दिलेली संमतीही वाया गेली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

पाठवायचं कुठे? इंडियन असोसिएशन ऑफ पॅथॉलॉजिस्ट्स अँड मायक्रोबायोलॉजिस्ट्सचं स्वतःचं मासिक आहे. केईएम आणि जी. एस. कडून १९५५ पासून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ आहे. तुमचा मुद्दा स्मिअरचा असल्याने सायटोलॉजीची मासिकं बघा. तिथला वाचक नेमका तुमचा वाचक आहे. केस रिपोर्ट घेतात का, किती शब्द, किती फोटो, किती फी, हे प्रत्येकाच्या सूचनांमध्ये आजच्या तारखेला वाचा, कारण ते बदलत राहतं. काही मासिकं केस रिपोर्ट घेत नाहीत पण संपादकांना पत्र किंवा चित्र-प्रश्न घेतात, आणि तुमचा मुद्दा पाचशे शब्दांत मावतो. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचं.

नकार आला तर परीक्षकांचे शेरे दोन दिवस बाजूला ठेवा, मग प्रत्येकाला मुद्देसूद उत्तर लिहा, पुढच्या मासिकाला पाठवत असलात तरी. परीक्षक अँटिबॉडीचा क्लोन कोणता, तुलनेचा कंट्रोल कोणता असं विचारतात तेव्हा ते अडवत नसतात. दुसऱ्या लॅबला तोच स्टेन करून बघता यावा म्हणून विचारतात.

आणखी एक, तुमच्या पुढच्या वाटचालीसाठी. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या परिपत्रकाने बढतीसाठी केस रिपोर्ट मोजायचे नाहीत असं ठरवलं. २०२० च्या दुरुस्तीत केस सीरिजला, म्हणजे अनेक केसच्या एकत्र अभ्यासाला, जागा मिळाली. सध्याचा नियम कौन्सिलच्या जागी आलेल्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या कागदपत्रांत स्वतः वाचा. पण नियम बाजूला ठेवूनही मला सीरिज जास्त मोलाची वाटते. तुमच्या विभागाची गेल्या दहा-पंधरा वर्षांची रजिस्टरं काढा. जीभ, त्वचा, स्तन, सगळीकडचे ग्रॅन्युलर सेल ट्यूमर शोधा, जुन्या नावानेही शोधा. जिभेवर हा सर्वांत जास्त आढळतो, आणि वरचं आवरण इतकं जाड होतं की वरवरच्या बायोप्सीत स्क्वॅमस कार्सिनोमाचा भास होतो. तंबाखूच्या आपल्या मुलखात तो भास किती महागात पडू शकतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आठ-दहा केस मिळाल्या तर आधी इथिक्स कमिटीकडे जा. जुन्या ब्लॉकवरच्या कामासाठी संमतीतून सूट कमिटी देऊ शकते, ती आपण परस्पर गृहीत धरायची नाही. मग दोघांनी एकमेकांचं न बघता स्लाइड वाचा, जिथे मत जुळलं नाही ते मोजा आणि छापा. मत कुठे जुळत नाही, हीच तर उपयोगाची माहिती. असा अभ्यास लिहिताना स्ट्रोब, चाचणीच्या अचूकतेवर असेल तर स्टार्ड, आणि मार्करवरून पुढचं अनुमान काढत असाल तर रिमार्क, या सूची आधी वाचा. काम झाल्यावर वाचून उपयोग नसतो.

जुने ब्लॉक काढताना एक काळजी घ्या. ते उन्हात, गच्चीवरच्या खोलीत ठेवलेले असतील तर मेण वितळलेलं असतं आणि टिशू सुटलेला असतो. असे ब्लॉक पुन्हा एम्बेड करून घ्या, आणि स्टेन निगेटिव्ह आला तर लगेच विश्वास ठेवू नका; त्याच ब्लॉकमधल्या एखाद्या मज्जातंतूच्या धाग्याला एस-१०० लागलाय का ते बघा.

सध्या एवढंच करा: सर्जिकल ओपीडीत बाईंची पुढची तारीख कधी आहे ते विचारून घ्या. त्या येतील तेव्हा मराठी संमतीपत्राच्या दोन प्रती आणि तुमचा फोन नंबर घेऊन खाली जा, व्रण कसा भरलाय ते बघा, आणि त्यांना काय वाटलं तेही विचारा. केअरच्या सूचीत रुग्णाच्या स्वतःच्या म्हणण्यासाठी जागा ठेवलेली आहे. परीक्षक म्हणून मी जे लेख वाचले, त्यांतल्या बहुतेकांत ती मोकळीच सोडलेली होती.